शिरवळचे अरबी टाइपरायटर

दुबईत राहणाऱ्या मराठी माणसाला बायकोमुलांचा व्हिसा काढायचा असो, एमिरेट्स आयडीचे नूतनीकरण असो की कामगार खात्याचा एखादा अर्ज असो, एक शब्द हमखास भेटतो : टायपिंग सेंटर. "आधी टायपिंग सेंटरला जाऊन या" हे वाक्य इथे आल्यावर पहिल्या आठवड्यातच कानावर पडते. मंडळी, त्या टायपिंग सेंटरात तुम्ही टाइपरायटर पाहिलाय का कधी? आमच्या जुमेरा लेक टॉवर्सच्या आसपास तरी आम्हाला एकही दिसलेला नाही. संगणक असतो, स्कॅनर असतो, समोर बहुतेक वेळा एखादे मल्याळी बंधू असतात आणि त्यांची बोटे अरबी कळांवर अशी धावतात की बघत राहावे. यंत्र कधीच गेले, नाव तेवढे राहिले.

आमचा हा परिसरच मुळी नवा. १९९० च्या दशकात इथे नुसती वाळू होती. आज तळ्यांभोवती तीन-तीन टॉवर्सचे क्लस्टर आहेत आणि मधोमध ६८ मजली अल्मास टॉवर. त्यामुळे टाइपरायटरची खटखट या भागाने ऐकलेलीच नाही. पण अरबी अक्षरे उमटवणारे टाइपरायटर जगात जिथे जिथे तयार होत, त्यातले एक ठिकाण आपल्या सातारा जिल्ह्यात होते, हे सांगितले तर खरे वाटेल?

पुण्याहून साताऱ्याला निघालो की नीरा नदी ओलांडल्यावर शिरवळ लागते. आपण तिथे चहाला थांबतो आणि पुढे जातो. याच शिरवळला गोदरेज अँड बॉइसचा टाइपरायटरचा कारखाना होता. कुलुपे आणि कपाटांसाठी आपल्या घराघरांत माहीत असलेल्या या कंपनीने १९५५ साली आपला पहिला टाइपरायटर बाजारात आणला. एम-९ हे त्याचे नाव. तोवर टाइपरायटर म्हणजे साहेबाच्या देशातून येणारी वस्तू. दीड-दोन हजार छोटे छोटे भाग, त्यातला एखादा केसभर जरी इकडचा तिकडे झाला तरी अक्षर ओळीच्या वर उडते. असे यंत्र नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशात बनवायचे ही साधी गोष्ट नव्हती. लोखंड ओतता येणे वेगळे आणि बोटाच्या एका टिचकीने दर वेळी अचूक त्याच जागी अक्षर आपटवणे वेगळे. पुढे प्राइमा आला, तो तर सरकारी कचेऱ्यांचा जणू कुटुंबीयच झाला. मद्रासचे हाल्डा आणि फॅसिट, कलकत्त्याचा रेमिंग्टन हे बाकीचे भाऊबंद.

एकेक करून हे सगळे थांबले. १९९० च्या दशकात गोदरेजचे वर्षाला पन्नासएक हजार टाइपरायटर खपत. २००० नंतर संगणक स्वस्त झाले आणि आकडा दहा-बारा हजारांवर आला. २००९ साली उत्पादन बंद झाले. बातमी जगभर पसरली ती मात्र २०११ च्या एप्रिलमध्ये, कंपनीचे अधिकारी वर्तमानपत्रांना म्हणाले की आता फक्त काही शे नग शिल्लक आहेत तेव्हा. त्या शिल्लक नगांतले बरेचसे अरबी अक्षरांचे होते! "जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद" असे मथळे लंडन-न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांतही झळकले. ते तंतोतंत खरे नव्हते. विजेवर चालणारे टाइपरायटर त्यानंतरही निघत होते. ब्रदर कंपनीने ब्रिटनमधल्या रेक्सम इथल्या कारखान्यातला शेवटचा टाइपरायटर नोव्हेंबर २०१२ मध्ये बनवला आणि लंडनच्या विज्ञान संग्रहालयाला देऊन टाकला. पण बोटांच्या जोरावर चालणाऱ्या, वीज न लागणाऱ्या कचेरीतल्या यंत्राचा मोठा कारखाना म्हणाल, तर शेवटचा मान शिरवळचाच.

आता एखादा कारखाना बंद पडला की मालक, कामगार आणि शेअरवाले हळहळतात हे समजण्यासारखे आहे. गिऱ्हाइकाने का हळहळावे? साबणाचा कारखाना बंद झाला तर आपण दुसरा साबण घेतो. हत्याराचे मात्र तसे नसते. अमेरिकेतले सुतारकाम करणारे २०१६ साली असेच हळहळले होते. शिकागोत १९०३ पासून शिकंजे बनवणारी ॲडजस्टेबल क्लॅम्प कंपनी त्या वर्षी बंद पडली. जॉर्गेन्सन आणि पोनी ही तिची नावे तिकडच्या सुताराला आपल्याकडच्या गोदरेजच्या कुलपासारखी. दोन लाकडी जबडे आणि त्यांतून जाणारे दोन लोखंडी स्क्रू, निम्मे आटे उजवे, निम्मे डावे. एवढीच रचना. पण सरस लावलेल्या दोन फळ्या रात्रभर जशाच्या तशा धरून ठेवायच्या तर त्याला तोड नाही. आजोबांनी घेतलेला शिकंजा नातू वापरतोय अशी घरे तिकडे कितीतरी. पुढे ती नावे दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, त्या नावांचे शिकंजे दुकानात परतले, पण ते आशियात बनलेले. जुन्या गिऱ्हाइकांचे त्याने समाधान होते असे नाही.

आम्ही पडलो इंजिनियर, त्यामुळे आम्हाला यातली गोम वेगळीच दिसते. आजोबांचा शिकंजा नातवाला पुरला याचा दुसरा अर्थ असा, की मधल्या साठ वर्षांत त्या घराने कंपनीला एक छदाम दिला नाही. टाइपरायटरचेही तेच. तेलपाणी केले, रिबन बदलली, घासलेला रबरी रोळ नवा घातला की पंचवीस-तीस वर्षे सहज काढतो. जितके चांगले हत्यार तितका त्याच्या कारखान्याला धंदा कमी, हा न्याय की अन्याय ते तुम्ही ठरवा. पण म्हणूनच हत्यारवाल्याला कारखान्याचे कुलूप दिसले की धस्स होते. हातातले यंत्र आज चालते आहे, उद्या त्याचा एक स्क्रू तुटला तर?

आणि यंत्रामागे एक अख्खी साखळी असते. महाराष्ट्रात तालुक्या-तालुक्याला टायपिंग इन्स्टिट्यूट होती. अरुंद जिना, वर एक लांबट खोली, भिंतीला लागून टेबलांची रांग आणि वीस यंत्रांचा एकदम पाऊस. दहावीची परीक्षा झाली की सुट्टीत तिथे नाव घालायचे ही मध्यमवर्गीय घरांतली रीतच. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची परीक्षा, मिनिटाला मराठी ३० शब्द, इंग्रजी ४० शब्द. ते प्रमाणपत्र हातात पडले की लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी जागेसाठी अर्ज करता येई. किती मुलींनी या एका कागदावर नोकरी मिळवली, धाकट्या भावंडांची शिक्षणे केली आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या, ते आपल्यातल्याच अनेकांना आईकडे, मावशीकडे बघून माहीत असेल. २०१० च्या दशकात परिषदेने ही परीक्षा यंत्रावरून संगणकावर नेली. इन्स्टिट्यूट चालवणाऱ्यांपैकी ज्यांना जमले त्यांनी संगणक घेतले, ज्यांना जमले नाही त्यांनी पाटी उतरवली. दुरुस्तीवाल्याला तर तोही पर्याय नव्हता. रोळावर हात फिरवून दोष सांगणारा माणूस संगणक घेऊन करणार काय?

मात्र यंत्राबरोबर सगळेच संपले असे नाही. टाइपरायटरवर मराठी बसवणे ही मुळात मोठी कसरत होती. साधारण ४६ कळा, प्रत्येकीवर दोन चिन्हे, म्हणजे जेमतेम नव्वद जागा. त्यात आपली व्यंजने, स्वर, जोडाक्षरे, उकार, रफार, आकडे हे सगळे कोंबायचे. मग युक्त्या निघाल्या. ग, ण, श यांचे काने वेगळे काढले. मात्रा-उकाराची कळ दाबली तरी कॅरेज जागचे हलायचे नाही, चिन्ह अक्षराच्या वर किंवा खाली जाऊन बसायचे. 'कि' लिहिताना आधी वेलांटी आणि मग क, म्हणजे तोंडाने बोलतो त्याच्या उलट. अरबीची तऱ्हा आणखी न्यारी. लिपी उजवीकडून डावीकडे, म्हणून कॅरेज आपल्या उलट दिशेने सरकणार. एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेते, मध्ये दुसरे, शेवटी तिसरे. त्यात आकडे मात्र डावीकडून उजवीकडे, म्हणजे १२५ लिहायचे तर आधी पाच, मग दोन, मग एक, नाहीतर कॅरेज मागे नेऊन पुन्हा पुढे या. हे सगळे शिरवळच्या माणसांनी लोखंडात बसवले होते.

या कसरती ज्यांच्या बोटांत भिनल्या, त्यांची विद्या कारखान्याबरोबर गेली नाही. मराठी छपाईत संगणक आले तेव्हा फॉन्ट विकणाऱ्या कंपन्यांनी टाइपरायटरचीच मांडणी आत घालून दिली, कारण बसणारा माणूस तोच होता. वर्तमानपत्रांत, छापखान्यांत, कोर्टाबाहेरच्या टेबलांवर तीच बोटे नव्या कळफलकावर चालू लागली. इथे पोस्टमार्टेम करायचे तर एक गोष्ट नोंदवायला हवी. त्या जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की नुसती चिन्हांची खिचडी दिसते. म्हणजे सुटे भाग न मिळण्याची भीती लोखंडापुरतीच नाही. युनिकोडने ती पुष्कळशी दूर केली. बोटांची काळजी मात्र युनिकोडला करता येत नाही.

आता हे पुराण आपल्या त्रैमासिकात कशाला, असे कोणी म्हणेल. कारण हा अंक. आपल्या अंकातला मजकूर निम्म्याहून अधिक हाताने लिहून येतो, किंवा मोबाइलवर काढलेला कागदाचा फोटो म्हणून येतो. तो टंकून काढणाऱ्या मंडळात तिघी-चौघी आहेत, त्यातल्या ज्या काकू सर्वांत भराभर टंकतात त्या दादरच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये गोदरेजवर शिकलेल्या. आखातात आपण कायमचे कोणीच नाही. काकांची नोकरी संपली की काकू परत जाणार, आणि त्यांच्याबरोबर मिनिटाला चाळीस शब्द जाणार. आमच्या मुलांचे पाहावे तर मराठी बोलतात छान, आजीशी व्हिडिओवर तासभर गप्पा मारतात. पण निरोप लिहायचा झाला की रोमन अक्षरांत. 'mi yeto' असे ऐकायला गोड वाटते, अंकात छापता येत नाही. शिरवळचा कारखाना सरकारने बंद केला नाही की शत्रूने पाडला नाही. मागणी आली नाही, एवढेच झाले. आपल्या अंकाचेही यापेक्षा वेगळ्या कारणाने काही होणार नाही.

उपाय अवघड नाही आणि फुकट आहे. इन्स्क्रिप्ट नावाची मांडणी भारत सरकारने १९८६ साली ठरवून दिली, ती आज प्रत्येक संगणकात आणि बहुतेक फोनांत आहे. ती टाइपरायटरच्या अडचणीतून सुटलेली असल्यामुळे मुलांना तर फारच सोपी. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला व्यंजने. क आणि ख एकाच कळेवर, ग आणि घ एकावर, त आणि थ एकावर, महाप्राण हवा तर शिफ्ट दाबा. म्हणजे आपली बाराखडी जिला पाठ आहे तिला निम्मी मांडणी येतेच. 'कि' लिहायला आधी क आणि मग वेलांटी, जसे बोलतो तसे. शिवाय हीच मांडणी गुजराती, कन्नड, मल्याळम लिपींनाही तशीच चालते, त्यामुळे शेजाऱ्यांच्या मुलांनाही बरोबर बसवता येईल.

आमची सूचना अशी : शुक्रवार-शनिवारच्या मराठी वर्गात शेवटची पंधरा मिनिटे टंकलेखनाला द्यावीत. काकू आहेत तोवर त्यांनीच शिकवावे. त्यांची मांडणी वेगळी असली तरी कळांकडे न बघता टंकायचे कसे, मनगट कुठे ठेवायचे, करंगळीला कामाला कसे लावायचे, हे शिकवायला त्यांच्याइतका लायक माणूस दुबईत नाही. आणि पुढच्या अंकापासून प्रत्येक घरातून एक पान मुलांनी टंकलेले यावे. आजीची पाककृती असो, शाळेच्या सहलीची हकिकत असो, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसकट चालेल. चुका आम्ही बसून काढू. संपादकांना विचारले आहे, त्यांनी जागा राखून ठेवायचे कबूल केले आहे. मजकूर पाठवण्याची तारीख नेहमीप्रमाणे मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला छापली आहे, ती तेवढी पाळा.