वाचनालयें आणि चलच्चित्रें

मुलांच्या हातीं मोबाइल आला आणि वाचनालयें ओस पडलीं, अशी तक्रार अलीकडे पालकवर्गाकडून वारंवार ऐकूं येते. तींत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु ज्या साधनास आपण दोष देतों, तेंच वाचनालयानें हातीं कां धरूं नये, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं.

ही कल्पना अगदीं नवी आहे असेंहि नव्हे. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनीं १९१० सालीं विल्यम बोर्डेन या ग्रंथपालास अमेरिकेहून बडोद्यास पाचारण केलें व वाचनालयांचें स्वतंत्र खातें उभारलें. त्या खात्यानें खेडोपाडीं पुस्तकांच्या पेट्या तर पाठविल्याच. शिवाय दृश्य शिक्षणाची निराळी शाखा काढून जादूचा कंदील व सिनेमा यांचे खेळ लोकांस फुकट दाखविले. ज्यांस अक्षरओळख नव्हती, त्यांसहि वाचनालय आपलें वाटावें अशी ती सोय होती. आज त्या कंदिलाचें काम यूट्यूब करूं शकेल. वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसनें २००९ सालींच तेथें आपली वाहिनी सुरू करून एडिसनच्या कंपनीचीं जुनीं चलच्चित्रें सर्वांस खुलीं केलीं. पुढें २०२० सालीं साथीमुळें दारें बंद झालीं, तेव्हां देशोदेशींच्या ग्रंथपालांनीं मुलांस गोष्टी वाचून दाखविल्या, त्या याच मार्गानें.

आपल्याकडे बहुधा काय दिसतें? हार, तुरे, दीपप्रज्वलन आणि पाहुण्यांचें भाषण! असले व्हिडिओ पाहुण्यांखेरीज कोण पाहणार? (तेहि पाहत असतील कीं नाहीं, याची मला शंकाच आहे.) त्यापेक्षां ग्रंथपालानें तीन मिनिटांत एवढेंच दाखवावें कीं, पुस्तकाच्या पाठीवरील अंकांचा अर्थ काय, कोशांत शब्द कसा शोधावा, जुनें मासिक हाताळतांना काळजी कोणती घ्यावी. कित्येक मुलें वाचनालयांत येत नाहींत, तीं आळसानें नव्हे, तर संकोचानें. आंत जाऊन काय मागावें हेंच त्यांस ठाऊक नसतें. त्यांच्या मातापित्यांची स्थिति पुष्कळदां याहून वेगळी नसते. घरबसल्या एकदां तीं कपाटें पाहिलीं, ग्रंथपालाचा चेहरा ओळखीचा झाला, म्हणजे उंबरा ओलांडणें सोपें जातें. बोललेले शब्द चित्राखालीं अक्षरांत दिले, तर ज्यांस ऐकूं येत नाहीं त्यांचीहि सोय होते.

एक अडचण मात्र खरी. हवें तें पुस्तक वाचून त्याचा व्हिडिओ करतां येत नाहीं; आपल्या कायद्याप्रमाणें लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षें ग्रंथाचा हक्क राखलेला असतो. तथापि हरि नारायण आपटे १९१९ सालीं वारले, साने गुरुजी १९५० सालीं. त्यांच्या हयातींत छापलेले त्यांचे ग्रंथ आतां मोकळे आहेत. प्रारंभास एवढी पुंजी कांहीं थोडी नव्हे.

चित्र पाहून मूल तृप्त होईल व पुस्तकाकडे फिरकणार नाहीं, असें कोणी म्हणतील. तर मग गोष्ट ऐन रंगांत आली असतां थांबवावी, आणि पुस्तक कोणत्या कपाटांत आहे तेवढें सांगावें. व्हिडिओ किती जणांनीं पाहिला याची मोजदाद करीत बसण्यापेक्षां, दुसऱ्या दिवशीं तें पुस्तक कोणी मागावयास आलें कीं नाहीं, हें देवघेवीच्या वहींत पाहावें.