वाढत्या मुलांचा डबा

शाळेच्या वार्षिकांत विद्या, शील, क्रीडा इत्यादि विषयांवर लेख यावे हें वाचकांस साहजिक वाटतें. पण डब्यासारख्या स्वयंपाकघरांतील वस्तूवर लेख पाहून कोणी हंसलें तर त्यांत आश्चर्य नाहीं. तथापि वर्गांत उभें राहून शिकविणारास एक गोष्ट नित्य दिसत असते. मधली सुट्टी संपल्यावर ज्या तासांत मुलें ताजींतवानीं असावींत, त्याच तासांत कित्येकांच्या माना खालीं गेलेल्या असतात. गणिताची रीत दोनदां समजाविली तरी ती त्यांच्या ध्यानांत उतरत नाहीं. अशा मुलांस आळशी म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण प्रेमानें चौकशी केली असतां पुष्कळदां असें आढळतें कीं, त्यांनीं दुपारीं पोटभर खाल्लेलेंच नसतें. म्हणून हा विषय शिक्षणाच्याच कक्षेंतील आहे असें आम्ही समजतों, आणि पालक व विद्यार्थी या उभयतांपुढें आमचे विचार मांडतों.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. मूल वाढतें, त्याचीं पुस्तकें वाढतात, गणवेषाचें माप दरवर्षीं बदलावें लागतें. परंतु त्याचा डबा मात्र तिसऱ्या इयत्तेंत होता तेवढाच नवव्या इयत्तेंत राहतो. लहान मुलाच्या डब्याची आई जितकी काळजी करिते, तितकी काळजी तें मूल मोठें झाल्यावर घरांत कोणी करीत नाहीं. “आतां तो मोठा झाला, त्याचें तो पाहील,” असें म्हणून सारे निश्चिंत होतात. वस्तुतः अन्नाची गरज सर्वांत अधिक असते ती याच वयांत.

हें केवळ आमचें अनुमान नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व तिची हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांनीं २०२० सालीं वयपरत्वें आहाराचें प्रमाण ठरवून दिलें आहे. त्याप्रमाणें ७ ते ९ वर्षांच्या मुलास दिवसास सुमारें १७०० उष्मांक व २३ ग्रॅम प्रथिनें लागतात. तेंच मूल १३ ते १५ वर्षांचें झालें म्हणजे मुलग्यास २८६० व मुलीस २४०० उष्मांक, आणि दोघांसही ४३ ते ४५ ग्रॅम प्रथिनें लागतात. म्हणजे पांच-सहा वर्षांत प्रथिनांची गरज जवळजवळ दुप्पट होते. लोहाची गोष्टही तशीच आहे. लहानपणीं दिवसास १५ मिलिग्रॅम लोह पुरत होतें. या वयांत मुलग्यास २२ व मुलीस ३० मिलिग्रॅम पाहिजे.

आतां विद्यार्थ्यांनीं एक साधा हिशेब मांडून पाहावा. खेड्यांतून एस. टी.नें येणारा विद्यार्थी सकाळीं नऊ वाजतां घर सोडतो आणि सायंकाळीं सहा-साडेसहा वाजतां परत येतो. एवढ्या अवधींत त्याच्या पोटांत दिवसाच्या अन्नाचा निदान तिसरा हिस्सा तरी जावयास हवा. म्हणजे मुलीच्या डब्यांत सुमारें ८०० व मुलग्याच्या डब्यांत सुमारें ९५० उष्मांक असावे. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीपासून साधारण १०० उष्मांक मिळतात. तेव्हां दोन पोळ्या आणि चमचाभर बटाट्याची भाजी, हा जो आपल्याकडील ठराविक डबा, तो साडेतीनशेंच्या पलीकडे फारसा जात नाहीं. ज्याला पोटभर जेवण समजून पाठविलें, तें निम्म्याहूनही कमी भरलें! त्यांतून सकाळीं नुसत्या चहावर निघालेलें मूल असेल तर दुपारच्या तासांत त्याचें लक्ष कोठून लागणार?

येथें आणखी एक गोष्ट पालकांनीं लक्षांत घ्यावी. सरकारी व अनुदानित शाळांतून आठव्या इयत्तेपर्यंतच्या मुलांस दुपारचें जेवण मिळतें. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं ही योजना देशांत सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालीं शिजविलेलें अन्न देण्याचा आदेश दिला. आणि २०२१ सालापासून ती ‘पीएम पोषण’ या नांवानें चालू आहे. सहावी ते आठवीच्या मुलास या जेवणांतून ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिनें मिळावीं असें तिचें प्रमाण आहे. मूल नववींत गेलें म्हणजे हें जेवण बंद होतें. ज्या जून महिन्यांत शाळेंतील ताट बंद झालें, त्याच जून महिन्यापासून घरच्या डब्यानें तेवढी भर घातली पाहिजे. ही भर पुष्कळ घरांत पडत नाहीं. ती पडावी म्हणूनच हा लेखनप्रपंच आहे.

मुलींच्या बाबतींत तर आम्हांस अधिक स्पष्ट लिहिणें भाग आहे. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ जणींस रक्तक्षय असल्याचें आढळलें. त्याच वयाच्या मुलग्यांत हें प्रमाण शेंकडा ३१ होतें. जिना चढतांना धाप लागणें, थकवा येणें, पाठ केलेलें आठवेनासें होणें, हीं सारीं या विकाराचीं लक्षणें असूं शकतात. असें असूनही कित्येक घरांत भावाच्या डब्यांत तीन पोळ्या व अंडें, आणि बहिणीच्या डब्यांत दीड पोळी, असा भेद अजून चालतो. “मुलींना कमीच लागतें,” अशी समजूत त्याच्या मुळाशीं असते. उष्मांकांपुरतें तें थोडेंफार खरें आहे. पण प्रथिनें दोघांस जवळजवळ सारखीं लागतात, आणि लोह तर मुलीसच अधिक लागतें. तेव्हां ज्या मातांनीं हा भेद नकळत चालविला असेल, त्यांनीं तो आजच बंद करावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

आतां डबा कसा असावा तें सांगतों. मूठभर पैसेवाल्यांसच परवडेल असें कांहीं आम्ही सुचवीत नाहीं. पहिली गोष्ट धान्याची. मोठ्या मुलास तीन-चार पोळ्या, किंवा तितक्याच पोटाला होतील एवढ्या भाकरी, किंवा दोन-तीन जाड थालीपिठें द्यावीं. दुसरी गोष्ट, धान्याबरोबर कांहींतरी डाळ-कडधान्य असलेंच पाहिजे: मुगाची वा मटकीची उसळ, घट्ट पिठलें, झुणका, हरभऱ्याची सुकी उसळ. गहूं-ज्वारींत जें उणें असतें तें डाळींत असतें, आणि डाळींत जें उणें तें धान्यांत. म्हणून दोहोंचा जोड शरीराच्या वाढीस फार उपयोगी पडतो. बटाट्याच्या भाजीस ही सर येत नाहीं. जे अंडीं-मासळी खातात त्यांस एक उकडलेलें अंडें सुमारें ६ ग्रॅम प्रथिनें देतें. कोंकणांतील सुकटीची चटणीही गुणानें मोठी आहे. शेंगदाण्यांत तर शंभर ग्रॅमांस सुमारें २५ ग्रॅम प्रथिनें असतात; त्यांची कोरडी चटणी वर्षभर घरांत असावी. तिसरी गोष्ट, मेथी, शेपू, शेवग्याचा पाला अशी पालेभाजी, आणि तिच्याबरोबर लिंबाची फोड, पेरूची फोड किंवा आवळा. आंबट फळांतील क जीवनसत्त्वानें भाजी-कडधान्यांतील लोह अंगीं लागतें; उलट जेवणाबरोबर चहा घेतल्यास तें वायां जातें. चौथी गोष्ट, एका लहान डबींत मूठभर फुटाणे, दाणे-गुळाचा लाडू अथवा एक केळें; हें शेवटच्या तासानंतर, खेळावयास जाण्यापूर्वीं किंवा गाडीची वाट पाहतांना खावें.

अशा अन्नास ‘टिकाऊ’ म्हणतात तें उगाच नव्हे. डाळी, दाणे व भाकरी हळूहळू पचतात आणि भूक लांबवितात. मैद्याची बिस्किटें व तळलेले पापुद्रे यांनीं जीभ तृप्त होते, पण घटकाभरांत पोट पुन्हां रिकामें होतें. शाळेच्या दाराशीं मिळणाऱ्या रंगीत पुड्यांविषयीं सरकारनेंही विचार केला आहे. २०२० सालच्या अन्नसुरक्षेच्या नियमांनीं अति चरबी, साखर व मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारांत आणि दारापासून ५० मीटरांच्या आंत विकण्यास मनाई केली आहे. परंतु ५१ व्या मीटरावर दुकान असतेंच, आणि खिशांत पैसे असले म्हणजे पाय तिकडे वळतातच. डब्याऐवजीं दहा-वीस रुपये हातावर ठेवणें हा पालकांस सोईचा मार्ग वाटतो; पण तेवढ्याच पैशांत घरीं आणलेले फुटाणे-शेंगदाणे अधिक पुरतात, हें एकदां करून पाहावें.

डबा भरण्याचीही एक रीत आहे. ऊन पोळी वा भाकरी तशीच झांकली तर वाफेनें घाम सुटून ती चिकट होते. म्हणून ती निवूं द्यावी, मग स्वच्छ फडक्यांत गुंडाळून ठेवावी. उसळ आटवून सुकी करावी, म्हणजे वह्यांस डाग पडत नाहींत. चटणीस वेगळी झांकणाची डबी असावी. भाताविषयीं मात्र सावध असावें; शिजविलेला भात उबदार जागीं फार वेळ राहिला तर त्यांत अपायकारक जंतू वाढतात, आणि त्यांचें विष पुन्हां गरम केल्यानेंही जात नाहीं. रात्रीपासून उघड्यावर राहिलेला भात डब्यांत घालूं नये.

“आम्ही भरपूर देतों, पण मूल डबा तसाच परत आणतें,” अशी तक्रार पालक करितात. ती खोटी नाहीं. तिचें एक कारण रोजचा तोच पदार्थ हें आहे. पण आमच्या पाहण्यांत याहून खोल कारण लाज हें आहे. शेजाऱ्याच्या डब्यांत दुकानांतील पाव दिसला कीं, काळ्याभोर बाजरीच्या भाकरीवर झांकण ओढून बसणारीं मुलें आम्ही पाहिलीं आहेत. त्यांस आम्ही इतकेंच सांगूं इच्छितों कीं, ज्या भाकरीची तुम्हांस लाज वाटते, त्याच ज्वारी-बाजरी-नाचणीच्या गौरवार्थ संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें सबंध वर्ष जगभर पाळलें. नाचणींतील चुना हाडांच्या वाढीस उपकारक आहे. शंभर ग्रॅमांत तो तीनशें मिलिग्रॅमांहून अधिक असतो. शिवाय ती भाकरी पहांटे उठून कोणीतरी चुलीपुढें बसून थापलेली असते. ती न खातां कचऱ्यांत टाकणें हें त्या हातांचा अपमान करणें होय. आणि जो विद्यार्थी दुसऱ्याच्या डब्यास नाक मुरडतो, त्यानें स्वतःचें शील किती उणें आहे तेंच दाखविलें, असें समजावें.

आतां डबा कोणीं भरावा, या प्रश्नाकडे वळतों. पुष्कळ माता स्वतः शेतावर, कारखान्यांत वा कचेरींत जातात. त्यांनींच पहांटे चारला उठून सर्वांचे डबे करावे, अशी अपेक्षा धरणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलास भूमितीचे सिद्धांत येतात. त्यास मूग भिजत घालणें कां येऊं नये? सकाळीं मूग भिजत घातले तर रात्रीं ते उपसून फडक्यांत बांधतां येतात, आणि दुसऱ्या सकाळीं मोडांची उसळ पाव तासांत होते. कोणती भाजी उद्यां न्यावयाची हें मुलानें आईस आदल्या दिवशीं सांगावें, निवडून-चिरून द्यावी, डबा स्वतः भरावा आणि परत आल्यावर स्वतः घांसावा. हें आम्ही मुलींइतकेंच, किंबहुना अधिक आग्रहानें, मुलग्यांस सांगतों. आपला डबा आपण भरणारा मुलगा तो सहसा टाकून देत नाहीं, कारण त्यांत त्याचे श्रम असतात. पुढें शिक्षणासाठीं पुण्या-मुंबईस खोली घेऊन राहण्याची पाळी आली म्हणजे ही विद्या त्याच्या किती उपयोगी पडते तें त्यास कळून येईल.

शाळांवरही कांहीं भार आहे. दहा मिनिटांच्या सुट्टींत हात धुऊन चार पोळ्या खाऊन होत नाहींत. जेवणाची सुट्टी निदान अर्ध्या तासाची असावी; त्या वेळीं पिण्यास स्वच्छ पाणी व बसण्यास सांवली असावी; आणि गृहपाठ राहिला म्हणून मुलास जेवणाच्या सुट्टींत वर्गांत बसवून ठेवण्याची शिक्षा तर कोणत्याही शाळेंत नसावी. उपाशी ठेवून शिस्त लागत नाहीं. मुलांनीं वर्तुळ करून बसावें, आणि ज्याच्याजवळ डबा नसेल त्यास, तो ओशाळणार नाहीं अशा रीतीनें, मध्यें बसवून घ्यावें. दहा डब्यांतून एकेक घांस काढला तर एकाचें जेवण होतें, आणि देणारा कोणी उपाशी राहत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेच्या दिवसांत तुम्ही रात्रीं जागतां, शिकवणीस जातां, उत्तरांच्या पुस्तिका विकत घेतां. त्याबरोबर आज घरीं गेल्यावर आपला डबा उघडून एकदां नीट पाहा. तो तुमच्या आजच्या वयाचा आहे कीं तिसऱ्या इयत्तेंतील, हें तुमच्या तुम्हांसच दिसेल. लहान असेल तर पालकांजवळ मोठा मागा. मागण्यांत संकोच मानूं नका. आणि पालकहो, तो मागेपर्यंत वाट पाहूं नका.