पाच टक्क्यांत किती भागतं?

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करावेत, असा आपल्या राज्यात नियम आहे. नियमामागचा हेतू मोलाचा आहे. पण आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात, रिठदसारख्या सोयाबीनवर जगणाऱ्या गावात हिशेब मांडला की तो कुठे अडतो ते कळतं.

समजा, एखाद्या ग्रामपंचायतीची घरपट्टी आणि पाणीपट्टी मिळून वर्षाची वसुली ४ लाख रुपये झाली. त्याचे ५ टक्के म्हणजे २० हजार. गावात ५० दिव्यांगांची नोंद असेल तर माणशी ४०० रुपये येतात. एवढ्यात तीनचाकी सायकल येत नाही. शिवाय सोयाबीनचा पैसा हाती आल्याशिवाय लोक घरपट्टी भरू शकत नाहीत. भाव पडला की वसुली थकते आणि दिव्यांगांचा वाटाही आटतो. ज्या वर्षी गाव अडचणीत असतं, नेमका त्याच वर्षी हा निधी कमी पडतो.

मग सरकार ग्रामपंचायतींना प्रोत्साहन देतं ते बक्षिसांतून. २००० साली आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा गावंच्या गावं झाडू घेऊन बाहेर पडली. बक्षिसाची ताकद महाराष्ट्राने तेव्हा पाहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानात तर राज्यात पहिल्या येणाऱ्या ग्रामपंचायतीला ५ कोटी रुपये ठेवले आहेत. पण पहिला नंबर एकाच गावाचा येतो. ज्यांची वसुली आधीपासून चांगली आणि कारभार नीट, त्यांना तो गाठणं सोपं जातं. मागे राहिलेल्या गावातल्या दिव्यांगाच्या हाती त्यातून काही पडत नाही.

याहून बरी मोजपट्टी आमच्या जिल्ह्याने अनुभवली आहे. २०१८ मध्ये वाशीमची निवड केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत झाली. महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, हेही त्यात होते. तिथे जिल्हा किती पुढे आहे एवढंच न पाहता आधीपेक्षा किती पुढे सरकला हेही मोजतात आणि त्यावर वाढीव निधी देतात. जिल्ह्याला जे लागू होतं ते गावाला का नको?

माझी मागणी सरळ आहे. ग्रामपंचायतीने दिव्यांग आणि महिला-बालकांवर स्वतःचा एक रुपया खर्च केला, की राज्याने त्यात एक रुपया घालावा. लहान आणि कोरडवाहू गावांना दोन द्यावेत. साहित्य लाभार्थ्याच्या हाती पोहोचल्याची खात्री ग्रामसभेत झाल्यावरच रक्कम मिळावी. असं झालं तर घरपट्टी भरणाऱ्यालाही कळेल की आपल्या पैशाने शेजारच्या घरात आधार पोहोचला, आणि सरपंचालाही वसुलीसाठी दारोदार फिरायचं सबळ कारण मिळेल.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. पुढच्या ग्रामसभेत रस्त्या-नालीचा विषय निघण्याआधी उभं राहून विचारा: मागच्या वर्षीचे ५ टक्के कोणाला, कधी आणि कशासाठी दिले? नावानिशी यादी वाचायला लावा. विचारणारे असतील तरच हा खर्च वेळेवर होईल.