फुलराणीचा हिशेब

संपादक महोदय,

‘पेशवे पार्कात आता उरलंय काय?’ हा लेख वाचला. प्राणी ‘पळवले’ हे चूक. जागा अपुरी पडू लागली, म्हणून प्राणिसंग्रहालय कात्रजला गेलं. भर शहरात पिंजऱ्यात येरझाऱ्या घालणारा वाघ मला आठवतो. त्यासाठी उसासे कसले टाकायचे?

बागेतली छोटी आगगाडी फुलराणी म्हणे ‘कालबाह्य खेळणं’! १९५६ पासून पोरं तिच्यात बसताहेत. गेल्या रविवारी नातीला घेऊन रांगेत होतो. शिट्टी झाली, तसे डब्यातल्या पोरांआधी कुंपणाबाहेरचे आजोबाच हात हलवू लागले. रांग लांब होती, एवढं मान्य. पण मग बाग ‘ओस’ कशी? लेखक महाशय बहुधा मंगळवारी दुपारी गेले असावेत.

आपला,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे