जनरल डबा कुठाय?



परवा जेवणाच्या सुट्टीत गोदीत वाद झाला. विषय खाजगी रेल्वे. आमच्याच पाळीतला, आपल्याच वस्तीतला एक पोरगा म्हणाला, "होऊंदे की खाजगी. टायमावर तरी येईल. संडासात पाणी तरी असंल. सरकारी गाडीनं आपलं काय भलं केलंय?" तेवढ्यात मुकादमानं हाक मारली, वाद तिथंच राहिला. जे बोलायचं राहिलं ते इथं लिहितोय. त्या पोरासाठीच लिहितोय. पांढरपेशांचा वाद त्यांच्या पेपरात चालू द्या.

आधी कबुली. पोरगा अर्धा खरा बोलतो. मी सरकारी रेल्वेचा भाट नाही. परभणीला गावी जायचं तर मी जनरल डब्यानं जातो. गाडी लागायच्या आधी तीन तास रांगेत उभा राहतो आणि तरी मनमाडपर्यंत एका पायावर. संडासाच्या दारात बाया लेकरं घेऊन बसलेल्या असतात. ज्याला जायचं तो त्यांना ओलांडून जातो. हे सरकारी राज्यातच चालतं. ज्या रेल्वेनं आपल्या माणसांना पिढ्यानपिढ्या रुळावरचा मैला उचलायला लावला ती रेल्वेही सरकारीच. तेव्हा 'सरकारी म्हणजे आपली' ही आरती मला गायची नाही.

पण सवाल असा आहे, की खाजगी गाडी या डब्याचं काय करते? ती डबा साफ करत नाही. ती डबाच काढून टाकते.

पुरावा घ्या. ४ ऑक्टोबर २०१९ ला लखनौ ते दिल्ली तेजस एक्सप्रेस निघाली. जानेवारी २०२० मध्ये दुसरी, अहमदाबाद ते मुंबई. पेपरांनी 'देशातली पहिली खाजगी गाडी' म्हणून ढोल बडवले. चालवणारी आयआरसीटीसी, म्हणजे सरकारचीच कंपनी. तिचे शेअर त्याच ऑक्टोबरात बाजारात आले. गाडी सगळी एसी. भाडं मागणीप्रमाणं वरखाली. सवलत कुणालाच नाही. गाडी तासाच्या वर लेट झाली तर शंभर रुपये भरपाई मिळायची, दोन तासाच्या वर अडीचशे. तीही २०२४ मध्ये बंद झाली. आमचा पोरगा याच भरपाईवर खूष होता. अरे बाबा, भरपाई चांगलीच होती. पण ती तिकीटवाल्याला होती. तुला तिकीटच परवडत नाही तर तुला कुणी कशाची भरपाई देणार?

आता पुढचं नीट वाचा. ८ मे २०२० ला करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले. लॉकडाऊन होता. जालन्याच्या कारखान्यातली ती मध्य प्रदेशची माणसं. भुसावळला गाडी मिळेल म्हणून पायी निघाली होती. रूळ धरून चालत होती, कारण रूळ गाडीकडं जातो एवढं त्यांना ठाऊक होतं. रुळावर भाकरी सांडलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या. त्याला दोन महिने व्हायच्या आत, जुलै २०२० च्या पहिल्या दिवशी, सरकारनं कंपन्यांना बोलावणं धाडलं. १०९ जोडमार्ग, १५१ खाजगी गाड्या, ३५ वर्षांचा करार, ३० हजार कोटींची गुंतवणूक. ताशी १६० किलोमीटरच्या गाड्या. भाडं किती लावायचं ते कंपनी ठरवणार.

ज्यांना गाडी मिळत नव्हती ते रुळावर मेले. आणि गाड्या वाढवायच्या ठरल्या त्या त्यांच्यासाठी नव्हत्या. व्यवस्था म्हणतात ती हीच.

पुढं त्या योजनेचं काय झालं? २०२० मध्ये पंधरा कंपन्यांनी अर्ज टाकले. जुलै २०२१ मध्ये खऱ्या पैशाची बोली लावायची वेळ आली तेव्हा दोनच उरल्या, आणि त्यातली एक पुन्हा सरकारचीच आयआरसीटीसी. योजना गुंडाळली. भांडवलदाराला धंदा कळतो. रुळाचं भाडं भरा, कमाईतला वाटा द्या, वर गाड्या विकत घ्या, एवढी जोखीम त्याला नको. मग नोव्हेंबर २०२१ मध्ये भारत गौरव नावाची नवी वाट काढली. डबे रेल्वेकडून भाड्यानं घ्या, सहलीचं पॅकेज विका. त्यातली पहिली गाडी १४ जून २०२२ ला कोइमतूरहून आपल्या साईनगर शिर्डीला निघाली.

जोखीम सरकारची, नफा कंपनीचा, ही रीत नवी नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती कंपनीचीच होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. भागधारक विलायतेत. सरकारनं त्यांना भांडवलावर पाच टक्क्यांची हमी दिली होती, गाडी चालो न चालो. तूट आली तर ती इथल्या रयतेच्या साऱ्यातून भरायची. बोरघाट फोडताना हजारो मजूर मेले, कुणी सुरुंगानं, कुणी पटकीनं. त्यांना पाच टक्क्यांची हमी नव्हती. १९२५ साली त्या कंपनीचा कारभार सरकारनं हातात घेतला.

खुद्द विलायतेत काय झालं? त्यांनी १९९३ च्या कायद्यानं आपली रेल्वे तुकडे करून कंपन्यांना दिली. तीस वर्षं भाडी वाढत गेली, कंपन्या अर्ध्यावर हात वर करत गेल्या. २०२४ मध्ये तिथल्या संसदेनं गाड्या परत सार्वजनिक मालकीत घ्यायचा कायदा केला आणि मे २०२५ पासून एकेक कंपनीची गाडी सरकारकडं यायला लागली. ज्यांच्याकडून आपण रेल्वे घेतली ते पस्तावून मागं फिरतायत, आणि आपल्याकडं खाजगीच्या आरत्या चालू आहेत.

आता आपलं खास दुखणं. नोकरी.

१५१ गाड्यांच्या योजनेत ड्रायव्हर आणि गार्ड तेवढे रेल्वेचे राहणार होते. बाकीची माणसं कंपनीची. सरकारी भरतीत अनुसूचित जातीला १५ टक्के, जमातीला साडेसात, ओबीसीला २७. कंपनीच्या भरतीत? शून्य. तिथं रोस्टर नाही, बिंदुनामावली नाही, बॅकलॉग नाही. बाबासाहेबांनी मजूर खात्याच्या खुर्चीत बसून १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत आपल्याला सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास वाटा मिळवून दिला. त्या वाट्यातून आपली माणसं तिकीट तपासनीस झाली, स्टेशनमास्तर झाली.

स्टेशनमास्तर हे पद आपल्याला का महत्त्वाचं, तेही सांगतो. १९०१ साली छोटा भीमराव भावंडांबरोबर मसूर स्टेशनावर उतरला. चांगले कपडे घातलेली पोरं बघून मास्तर प्रेमानं विचारपूस करायला आला. महार म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा पालटला. दुप्पट भाडं देऊन गाडी मिळाली ती पोरांनीच हाकायची या अटीवर. तिकीट होतं, पैसा होता, तरीही. खुर्चीत कोण बसलाय यावर सगळं ठरतं, दोस्तांनो. खाजगी गाडीच्या खुर्चीत कोण बसणार ते आजच सांगता येतं. पगारावरच्या आडनावांची यादी मागा, कळेल.

आणि झाडू कुणाच्या हातात असेल तेही सांगता येतं. तिथं आपल्याला न मागता शंभर टक्के मिळतं. गंमत बघा, रेल्वेत खाजगीकरण तेजसपासून सुरू झालंच नाही. ते झाडूपासून झालं. डब्यांची सफाई, फलाटांची सफाई, चादरींची धुलाई, सगळं आधीच ठेकेदाराकडं गेलं. तेव्हा कुणी ओरडलं नाही, कारण गेलं ते आपलं होतं. वरच्या खुर्च्यांपर्यंत आलं तेव्हा अग्रलेख निघाले.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. माझा आजा डॉक लेबर बोर्डाचा कामगार होता. कार्ड होतं, फंड होता, आजीच्या ऑपरेशनला दवाखाना होता. त्याच्या पगारावर बाप शाळेत गेला. मी त्याच दर्याच्या काठावर तेच ओझं वाहतो, ठेकेदाराचा माणूस म्हणून. मागल्या पावसाळ्यात बोट चिरडलं. मुकादम म्हणाला, "बरं झालं की ये." बरं व्हायच्या दिवसांचा पैसा नाही. आज्याचं बोट आणि माझं बोट एकाच रक्ताचं. कागद तेवढा बदलला.

आता ६ डिसेंबर आठवा. दरवर्षी नागपूरकडून चैत्यभूमीला यायला रेल्वे जादा अनारक्षित गाड्या सोडते. उपकार करत नाही. लाखो माणसांनी वर्षानुवर्षं डब्यात घुसून ते मिळवलंय. गर्दी वाढली की भाडं वाढवायचं हा ज्याचा नियम, तो खाजगीवाला त्या दिवशी काय करील? माझी म्हातारी हातात मेणबत्त्यांचं पाकीट घेऊन त्याच्या मोबाइलमधला दर बघत बसेल काय?

खाजगीच्या वाटेवर आरक्षण मिळतं, नाही असं नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये आयआरसीटीसीची तिसरी गाडी निघाली, काशी महाकाल एक्सप्रेस. उद्‌घाटनाच्या फेरीला बी-५ डब्यातला ६४ नंबरचा बर्थ महादेवासाठी राखून ठेवला होता. फोटो लावले, पूजा केली. बोंब झाल्यावर म्हणाले, तेवढ्या दिवसापुरतंच होतं. देवाला कन्फर्म बर्थ, आणि करमाडच्या माणसाला रूळ!

सरकारही हे धडे गिरवतंय, तेही लिहून ठेवतो. वंदे भारत सरकारची, पण तिलाही जनरल डबा नाही. म्हाताऱ्यांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली ती सरकारी गाडीतच. म्हणून भांडण पाटीवर कुणाचं नाव आहे एवढ्याचंच नाही.

आपली मागणी सरळ आहे. रूळ लोकांच्या पैशाचे, सिग्नल लोकांचे, स्टेशनं लोकांची. तेव्हा त्या रुळावर धावणाऱ्या प्रत्येक लांब पल्ल्याच्या गाडीला, मालक कुणीही असो, जनरल डबे लागलेच पाहिजेत. प्रत्येक चालक कंपनीला आणि प्रत्येक ठेकेदाराला बिंदुनामावली लागू झालीच पाहिजे. सफाईवाला कायम झाला पाहिजे. हे करून ज्याला गाडी चालवायची त्यानं खुशाल चालवावी. बघू किती जण बोली लावतात.

आणि पोरा, तू म्हणतोस गाडी टायमावर पाहिजे, संडासात पाणी पाहिजे. मलाही पाहिजे. ते मागायला कंपनी कशाला? फलाटावर तीन तास जी रांग लागते ती आपलीच आहे. त्या रांगेत आपण एकमेकांना कोपर मारतो. पुढल्या महिन्यात गावी जाशील तेव्हा रांगेतल्या मागच्यापुढच्याशी बोल. सगळे मिळून स्टेशनमास्तरच्या दारात जाऊ आणि एकच विचारू, जनरल डबा कुठाय? मी येतो तुझ्याबरोबर. हजेरी बुडली तर बुडली.

जय भीम.