नव्या संगणकास जुने पोर्ट

चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, सुमारे ४० किलोमीटर अंतरावर, श्रीपेरुंबुदूर हे गाव आहे. श्रीरामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून वैष्णव यात्रेकरूंना ते अनेक शतके परिचित आहे. गेल्या सुमारे तीन दशकांत त्याच्या परिसरात मोटारी, काच आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. नोकिया कंपनीचा मोबाइल संचांचा कारखाना येथे २००६ साली सुरू झाला आणि २०१४ साली बंद पडला. डेल कंपनीने २००७ साली येथे संगणकांचा कारखाना उघडला. कारखान्यांतून बाहेर पडणारे असे डेस्कटॉप संगणक पुढे शाळांत, महाविद्यालयांत, बँकांत आणि कचेऱ्यांत जाऊन बसतात.

आजच्या अशा एखाद्या नव्या संगणकाची मागील बाजू न्याहाळली, तर तीवर यूएसबीच्या अनेक चपट्या खाचा, नेटवर्कच्या केबलची एक चौकोनी खाच आणि पडद्याची जोडणी एवढेच बहुधा दिसते. पूर्वी जवळजवळ प्रत्येक संगणकावर असलेले, इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराचे नऊ पिनांचे पोर्ट मात्र आढळत नाही. या पोर्टास व्यवहारात सिरियल पोर्ट म्हणतात. ‘पोर्ट’ याचा अर्थ येथे जोडद्वार, म्हणजे संगणकात माहिती येण्याचा व त्यातून बाहेर जाण्याचा दरवाजा, असा घ्यावयाचा.

हा दरवाजा बंद झाल्याने कोणाचे काय बिघडते? ज्यास केवळ पत्रे लिहावयाची आहेत, त्याचे काहीच बिघडत नाही. परंतु महाविद्यालयाच्या रसायनशाळेतील सूक्ष्म तराजू, वर्णपटमापक, कारखान्यातील नियंत्रक, बँकेतील खातेपुस्तिका छापणारे यंत्र, ग्रंथालयातील जुना बारकोड वाचक अशी कितीतरी उपकरणे याच दरवाजाने संगणकाशी बोलत आली आहेत. अशा उपकरणाचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचे असू शकते. संगणक मात्र सात-आठ वर्षांत बदलला जातो. नवा संगणक आला, त्यास पोर्ट नाही, म्हणून तराजूची वजने हाताने वहीत उतरवावयाची, आणि पुढे केव्हातरी ‘कालबाह्य’ असा शेरा मारून तो तराजूच भंगारात काढावयाचा, असा क्रम घडतो. या क्रमात दोष तराजूचा नसतो. तो पूर्वीइतकेच अचूक वजन सांगत असतो. त्याचे बोलणे ऐकणारा कान तेवढा नाहीसा झालेला असतो.

म्हणून जुने पोर्ट नव्या संगणकास जोडणे ही केवळ हौस नव्हे. सार्वजनिक पैशातून घेतलेल्या चांगल्या उपकरणाचे पूर्ण आयुष्य वापरून घेण्याची ती साधी व्यवस्था आहे. ही व्यवस्था संगणक येऊन पडल्यावर नव्हे, तर त्याची मागणी नोंदवितानाच झाली पाहिजे.

प्रथम या पोर्टाचे कार्य समजून घेणे इष्ट होईल. त्याचे प्रमाण ‘आरएस-२३२’ या नावाने अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघाने १९६० साली प्रसिद्ध केले. तिसरी सुधारित आवृत्ती १९६९ साली निघाली. टेलिप्रिंटर आणि मोडेम यांना एकमेकांशी जोडण्यासाठी ते होते. त्यातील कल्पना अत्यंत सरळ आहे. अक्षराचे आठ बिट एकाच तारेवरून एकामागून एक पाठवावयाचे. तारेवरील दाब उणे ३ ते उणे १५ व्होल्टच्या दरम्यान असेल तर तो १ आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्टच्या दरम्यान असेल तर तो शून्य समजावयाचा. अक्षराच्या आरंभी एक सूचक बिट आणि शेवटी एक विरामाचा बिट, असे एकूण दहा बिट होतात. सेकंदास ९६०० बिट हा वेग ठेवला, तर सेकंदास ९६० अक्षरे जातात. तराजूचे वाचन दहा-बारा अक्षरांत मावते, त्यामुळे हा वेग त्यास पुरून उरतो. नऊ पिनांपैकी साध्या कामास तीनच लागतात: दुसरी ऐकण्याची, तिसरी बोलण्याची आणि पाचवी दोघांची सामाईक भूमी.

पोर्ट बाहेरून जोडणे हेही काही नवे नाही. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा सिरियल पोर्ट त्याच्या मूळ मंडलावर नव्हतेच. आतील पाच खाचांपैकी एकीत स्वतंत्र कार्ड बसवून ते घ्यावे लागे. नऊ पिनांचा आकार १९८४ च्या नमुन्यापासून रूढ झाला. पुढे हे पोर्ट इतके सर्वसाधारण झाले की ते मदरबोर्डवरच येऊ लागले. त्यानंतर जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले. सात कंपन्यांच्या या संयुक्त उद्योगात इंटेल कंपनीकडून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर अजय भट्ट यांचा प्रमुख सहभाग होता. कळफलक, माउस, छपाईयंत्र यांसाठी निरनिराळी पोर्टे ठेवण्याचा गोंधळ यूएसबीने संपविला, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. जुनी पोर्टे गेली ती कोणाच्या दुष्टाव्यामुळे नव्हे, तर अधिक सोयीचा मार्ग उपलब्ध झाल्यामुळे गेली.

आज हे पोर्ट पुन्हा मिळविण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कित्येक मदरबोर्डांवर सिरियल पोर्टाचे मंडल आजही असते. बाहेर काढलेली जोडणी तेवढी नसते. बोर्डावर दहा जागांची, एक पिन वगळलेली, लहानशी दुहेरी रांग दिसते. तीवर फीतवजा केबल बसवून तिचे दुसरे टोक मागील पट्टीवर आणले की काम होते. येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. या केबलींच्या तारा जोडण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. एकीत बोर्डावरील पिनांचे क्रमांक पोर्टाच्या क्रमांकांशी जुळतात, दुसरीत तारा वरच्या व खालच्या ओळीत आळीपाळीने जातात. चुकीची केबल बसविली तर संगणकास पोर्ट दिसते, परंतु अक्षर एकही जात नाही, आणि दोष उगाच उपकरणावर येतो.

दुसरा मार्ग कार्डाचा. नव्या संगणकात पीसीआय एक्सप्रेस जातीची खाच असते, तीत सिरियल पोर्टाचे कार्ड बसते. संगणकाची पेटी अरुंद असेल तर कार्डाची पट्टीही आखूड घ्यावी लागते. खरेदीपूर्वी एवढे मोजून घेतले की पुरे. तथापि, जुन्या डॉस पद्धतीतील काही कार्यक्रम पोर्टाचा ठराविक पत्ता गृहीत धरून थेट त्याच्याशीच व्यवहार करतात. नव्या कार्डास तो पत्ता बहुधा मिळत नाही, म्हणून असे कार्यक्रम या मार्गाने चालतीलच असे नाही.

तिसरा मार्ग सर्वांत सोपा व स्वस्त. यूएसबीच्या खाचेत बसणारा परिवर्तक घ्यावयाचा. बहुसंख्य तराजू व मापके यांस तो पुरतो. त्याच्या मर्यादा मात्र जाणून असाव्यात. यूएसबीमध्ये माहिती गठ्ठ्यांनी जाते आणि संगणकाने विचारल्यावरच येते, त्यामुळे काही मिलिसेकंदांचा विलंब होतो. ज्या उपकरणांना क्षणाक्षणाचे वेळापत्रक पाळावे लागते, ती अशा विलंबाने अडखळतात. शिवाय परिवर्तकाचा ड्रायव्हर त्या संगणकाच्या प्रणालीस मानवला पाहिजे. आणखी एक धोका असा की, यूएसबीच्या काही केबली बाहेरून तशाच दिसतात, परंतु त्या ३.३ किंवा ५ व्होल्टच्या सूक्ष्मनियंत्रकांसाठी केलेल्या असतात. जुन्या उपकरणाच्या उणे-अधिक १२ व्होल्टांनी त्या जळू शकतात.

कोणताही मार्ग घेतला, तरी परीक्षा एकच. पोर्टाची दुसरी व तिसरी पिन एका लहान तारेने जोडावी आणि संगणकावरून अक्षर पाठवावे. ते तेथूनच परत आले तर पोर्ट ठीक आहे. दोष कोठे आहे, संगणकात की उपकरणात, हे शोधण्याची ही रीत शाळेतील विद्यार्थ्यासही करता येते, आणि तिच्यातून त्यास पुष्कळ शिकावयास मिळते.

या विचारावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, शंभरातील फारच थोड्या ग्राहकांस लागणारी वस्तू सर्वांच्या माथी का मारावी? हा आक्षेप रास्त आहे. परंतु प्रत्येक संगणकावर पोर्ट असावे अशी मागणी येथे नाहीच. बोर्डावर मंडल व पिनांची रांग ठेवावी, तिची आकृती पुस्तिकेत छापावी आणि मागणाऱ्यास पोर्ट मिळावे, एवढीच अपेक्षा आहे. ती अव्यवहार्यही नाही. डेलसह अनेक उत्पादकांच्या कार्यालयीन संगणकांत सिरियल पोर्ट मागणीनुसार मिळण्याची सोय राहिलेली आहे. अडचण इतकीच की, मागितल्यावाचून ते मिळत नाही, आणि मागावयाचे असते हे ग्राहकास ठाऊक नसते.

दुसरा आक्षेप असा की, उपकरणासाठी जुना संगणकच का जपून ठेवू नये? काही काळ हे चालते. परंतु त्या संगणकाची चकती व वीजपुरवठ्याचा भाग जीर्ण होतो, सुटे भाग मिळत नाहीत, आणि एके दिवशी संगणक व त्यातील नोंदी दोन्ही जातात. शिवाय त्याच्या प्रणालीस सुरक्षेच्या सुधारणा मिळेनाशा झालेल्या असल्याने त्यास नेटवर्कशी जोडणेही धोक्याचे असते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुन्यास चिकटून राहिल्याने प्रगती खुंटते, असे म्हटले जाते. याचे उत्तर आपल्याच देशातील एका उपक्रमात सापडते. दिल्ली येथील आंतरविद्यापीठ प्रवेगक केंद्राने या शतकाच्या पहिल्या दशकात ‘फिनिक्स’ नावाचा उपक्रम सुरू केला. संगणकाच्या साहाय्याने भौतिकशास्त्राचे प्रयोग महाविद्यालयांस अल्प खर्चात करता यावेत, हा त्याचा हेतू होता. त्याची आरंभीची पेटी संगणकाच्या समांतर पोर्टास, म्हणजे छपाईयंत्राच्या पोर्टास, जोडली जाई. तेव्हा त्या पोर्टाची प्रत्येक तार कार्यक्रमातून स्वतंत्रपणे चालविता येत असे. पुढे संगणकांवरून ते पोर्ट नाहीसे होत गेले आणि या उपक्रमाची ‘एक्सपआइज’ सारखी नंतरची उपकरणे यूएसबीवर आली. याचा अर्थ स्पष्ट आहे. नवे करावयाचे ते नव्या पोर्टावरच करावे. परंतु जे करून झाले आहे व चालू आहे, ते केवळ पोर्टावाचून बंद पाडू नये.

संपन्न संस्था नवा तराजू घेऊन मोकळी होते. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयास एकदा गेलेले उपकरण पुन्हा दहा वर्षे मिळत नाही, आणि त्या दहा वर्षांतील विद्यार्थी आकडे पाठ करून परीक्षा देतात. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याविषयीचे नवे नियम देशात लागू झाले असून उपकरणे टाकून देताना ती नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे जावीत, असा त्यांचा रोख आहे. परंतु चालते उपकरण कचऱ्यात जाऊच न देणे हे त्याहून श्रेयस्कर होय.

यासाठी उपाय लहान आहेत. शाळा, महाविद्यालय वा ग्रंथालय यांनी संगणक घेण्यापूर्वी आपल्या उपकरणांची एक यादी करावी. प्रत्येकापुढे त्याचे पोर्ट, केबलीचा प्रकार, वेग आणि कार्यक्रम कोणत्या प्रणालीवर चालतो, हे लिहावे. शासकीय संस्थांची बरीच खरेदी आता २०१६ साली सुरू झालेल्या ‘जेम’ या शासकीय ई-बाजारपेठेतून होते. तेथे प्रक्रियक व स्मृती यांचे आकडे काळजीपूर्वक भरले जातात, परंतु पोर्टाचा रकाना दुर्लक्षित राहतो. दहा संगणक घ्यावयाचे असतील तर त्यांपैकी दोनांवर सिरियल पोर्ट असावे, एवढे एक वाक्य त्यात पडले तरी प्रयोगशाळेचे काम भागते. उपकरणाची मूळ पुस्तिका, केबल व कार्यक्रमाची प्रत एकाच कपाटात ठेवावी आणि ते कपाट कोणाच्या ताब्यात आहे हे नोंदवहीत असावे. माणूस बदलला की ज्ञानही जाते, असे होऊ नये.

श्रीपेरुंबुदूरसारख्या ठिकाणच्या कारखान्यात कामगार मागणीपत्रकाप्रमाणे संगणक जुळवितात. पत्रकात पोर्ट असेल तर ते बसते, नसेल तर बसत नाही. ते पत्रक भरणारा हात शाळेचा, महाविद्यालयाचा किंवा ग्रंथालयाचा असतो, आणि भरण्यापूर्वी प्रयोगशाळेत एक फेरी मारून येण्यास त्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही.