अंगठा वर म्हणजे ‘लाइक’ नव्हे!

आमच्या नांदगावात उन्हाळ्यात दोन माणसं भेटली की ‘जेवण झालं का’च्या आधी ‘तुमच्याकडं पाणी आलं का’ हा प्रश्न येतो. अशा गावातली मुलगी स्कूबा डायव्हिंगचं सर्टिफिकेट घेऊन आली म्हटल्यावर चर्चा होणारच. आजी म्हणाली, “इथं प्यायला पाणी न्हाई, आन् ही बाई समुद्राच्या तळाला निघाली!” मी मात्र हवेत होते. कार्डाचा फोटो स्टेटसला, खाली ‘सर्टिफाइड डायव्हर’.

मालवणच्या ट्रिपमध्ये आपल्यापैकी अनेकांनी केलेलं ‘स्कूबा’ वेगळं. तिथं इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून खाली नेतो, फोटो काढतो, वर आणतो. सर्टिफिकेटचा कोर्स म्हणजे थिअरी, परीक्षा, उथळ पाण्यातला सराव आणि मग समुद्रातले चार डाइव्ह. ‘पॅडी’च्या ओपन वॉटर कोर्सला न थांबता २०० मीटर पोहून दाखवावं लागतं आणि १० मिनिटं तरंगावं लागतं. त्यासाठी अंदमानलाच जायला हवं असंही नाही, तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा शिकवणारी संस्था आहे. मामाच्या मळ्यातल्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली मी हा कोर्स पास झाले. कार्ड मिळालं. खोलीची मर्यादा १८ मीटर.

कोर्समध्ये पहिल्याच दिवशी खुणा शिकवतात, कारण पाण्याखाली बोलता येत नाही. तर्जनी आणि अंगठा जुळवून गोल केला की ‘मी ठीक आहे’. आणि अंगठा वर केला की ‘मला वर जायचंय, आत्ता’. आपल्याकडं अंगठा म्हणजे ‘भारी!’, म्हणून सुरुवातीला सगळ्यांचीच गडबड होते, हसायला येतं. मीही हसले होते.

कार्ड मिळाल्यावर आठ महिन्यांनी, वेगळ्याच किनाऱ्यावर, अनोळखी ग्रुपबरोबर माझा पाचवा डाइव्ह होता. बाकीच्यांचे पन्नास-साठ झालेले. नवीन माणूस घाबरून भराभर श्वास घेतो, त्यामुळे त्याची हवा इतरांच्या आधी संपते. हे मला पाठ होतं. भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार हवा असते आणि ५० बार शिल्लक असतानाच वर पोचलेलं असावं, हेही पाठ होतं. गाइडनं हवा किती उरली, असं खुणेनं विचारलं तेव्हा काटा सत्तरवर होता. मी आकडा दाखवायला हवा होता. मी दाखवला गोल. ओके.

का? कारण माझ्या एकटीमुळं सगळ्यांना वर जावं लागलं असतं. ‘नवीन आहे’ हे कळलं असतं. लाज वाटली, बास. वर्गात सरांनी ‘समजलं का?’ विचारल्यावर एक अक्षर कळलेलं नसताना आपण ‘हो सर’ म्हणतो ना, अगदी तसंच. फरक एवढाच की वर्गात त्यानं फार तर केटी लागते.

काही मिनिटांनी काटा चाळीसच्या खाली दिसला आणि पोटात गोळा आला. गाइडनं त्याचा जादा रेग्युलेटर माझ्या तोंडात दिला, माझा पट्टा धरला आणि आम्ही हळूहळू वर निघालो. ५ मीटरवर ३ मिनिटं थांबलो. काहीही झालं नाही. बोटीत तो एवढंच म्हणाला, “सत्तरला सांगितलं असतंस, तर सगळेच आरामात वर आलो असतो.”

यातलं विज्ञान अकरावीचंच आहे. १० मीटर खोलीवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट, २० मीटरवर तिप्पट. म्हणजे तेवढाच श्वास घ्यायला दुप्पट-तिप्पट हवा लागते. उलट, घाबरून श्वास रोखून झटकन वर आलात तर फुप्फुसातली हवा फुगत जाते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून वर येणं सावकाशच हवं. आणि सावकाश यायचं, तर वेळेवर सांगायलाच हवं.

त्यामुळं माझं मत स्पष्ट आहे. नवीन डायव्हरचं पहिलं कौशल्य म्हणजे न लाजता अंगठा वर करणं. मासे, प्रवाळ, रील हे सगळं त्याच्यानंतर. कुठलाही डायव्हर, कुठलाही डाइव्ह, कुठल्याही क्षणी रद्द करू शकतो आणि त्याला कारण विचारायचं नाही, हे डायव्हिंगमध्ये पहिल्यापासून शिकवतात. आपल्याला हे जड जातं, कारण मागे फिरणं म्हणजे हरणं, असंच आपण शिकत आलोय.

मित्र म्हणतात, ‘एवढे पैसे भरले, मनमाड-मुंबई-कुडाळ असा प्रवास केला, आणि नुसतं बोटीत बसून यायचं?’ प्रश्न रास्त आहे. मलाही पैसे जमवायला वर्ष लागलं होतं. पण समुद्र पावसाळ्यानंतर पुन्हा खुला होतो. पुढच्या सीझनला जाता येतं, फक्त आपण असायला हवं.

म्हणून नव्यानं कार्ड मिळालेल्यांना सांगते. बोटीत बसतानाच सांगा, ‘माझे चारच डाइव्ह झालेत.’ मध्ये बरेच महिने गेले असतील तर आधी उथळ पाण्यात उजळणी करा. कार्ड रद्द होत नाही, पण हात विसरतात. कुणी ‘चल, पंचवीस मीटरवर जाऊ’ म्हणालं तर अठराची आठवण द्या. आणि लॉगबुकात खरं लिहा. माझ्या पाचव्या पानावर लिहिलंय: ‘हवेबद्दल खोटं सांगितलं.’

मामाच्या विहिरीत गाळ काढायला माणसं दोराला धरून उतरतात. खालून दोर हलला की वरचा माणूस ‘का रे?’ विचारत नाही, ओढायला लागतो. आणि खालच्याला दोर हलवायची लाज वाटत नाही. हे मला गावातच दिसत होतं. शिकायला मात्र समुद्रात जावं लागलं.